कोवळ्या कलमाला ताण

वासू,

तू गेल्यापासून रोज कोणी ना कोणी घरी येऊन मला सांगतं की तू फार संयमी माणूस होतास. मी चहाचा कप पुढे सरकवते आणि ऐकून घेते. परवा ते सोसायटीवाले आले होते. रुमालाने डोळे टिपत म्हणाले, "वहिनी, एवढा धीराचा माणूस मी आपल्या उभ्या जिंदगीत पाह्यला नाही." हे तेच गृहस्थ, ज्यांच्या पोराच्या लग्नात पंगत बसायच्या आधी तू आचाऱ्याच्या कढईतून उकळता गुलाबजाम उचलला होतास आणि नंतर कित्येक दिवस ताकावर काढले होतेस. मला वाटलं त्यांना आठवण करून द्यावी. पण माणूस रडत होता, आणि रडणाऱ्या माणसाचा चहा मी थंड होऊ देत नाही.

सौंसरच्या चौकात तुझा बॅनर लागलाय. फेटा बांधून तू शांतपणे कुठेतरी दूर पाहतोयस. आयुष्यात तू कधी दूर पाहिलं नाहीस. हात पोचेल तेवढंच तुला दिसायचं. फोटोवाल्याने समोर काय धरून तुला तसं बसवलं असेल, याची मला चांगली कल्पना आहे.

तेरवीच्या आधी राजूचं म्हणणं होतं की गेलेल्या माणसाबद्दल आदराने बोलावं. राजू, तुझा थोरला, आता लोधीखेड्याच्या घरी ओट्यावरच्या तुझ्या खुर्चीत बसतो आणि तुझ्यासारखाच घसा खाकरतो. "मोठाई, आता तरी बाबांले 'तुम्ही' म्हणा." मी म्हटलं, ज्याचं शेंबडं नाक मी पदराने पुसलं त्याला मी 'तुम्ही' म्हणणार नाही. दीर आहे माझा. मेला म्हणून काय वयाने वाढला का?

तुझी अब्रू काढायच्या आधी माझी काढते, म्हणजे वर बसून तोंड वाकडं करायला नको. मी या घरात आले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि तू आठ. पांढुर्ण्याची पोरगी, गावात रेल्वे होती, शाळा पाहिलेली, म्हणून डोक्यात एवढी हवा की पदर टिकत नव्हता. माहेरी कुठल्याशा मासिकात 'मुलांना वळण कसे लावावे' असा लेख वाचला होता. लिहिणाऱ्याला मूलबाळ नसणार, हे आता कळतं. तेव्हा वाटलं, आपल्याला किल्ली सापडली. आणि समोर तू. वरणात मीठ पडायच्या आधी जेवणारा, कैरीला कोय धरायच्या आधी ती तोडणारा, दुसऱ्याच्या ताटातलं पहिले आणि स्वतःच्या ताटातलं मग खाणारा. मी ठरवलं, हे पोट्टं एका महिन्यात सुधरवते.

आठवतं ना? सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या. मी वाटीत दोन तिळाचे लाडू ठेवले, तुला समोर मांडी घालून बसवलं आणि मास्तरणीच्या आवाजात म्हणाले, "तेराचा पाढा पूर्ण म्हण, मग लाडू." तू "तेरा एके तेरा" म्हणालास. "तेर दुणे" म्हणताना तोंड भरलेलं होतं. मला इतका राग आला की दुसरा लाडू तुला मिळू नये म्हणून मी तो उचलून स्वतःच्या तोंडात कोंबला. नेमक्या तेव्हा सासूबाई दारात, डोक्यावर घागर. त्यांनी पाहिलं काय, तर नवी सून गाल फुगवून लाडू खातेय आणि लेकरू बिचारं पाढे म्हणतंय. माझं नाव त्या दिवसापासून 'हावरी' पडलं, आणि तुझं 'हुशार'. वळण लावायला निघाली होती बाई. त्या सतरा वर्षांच्या बयेला आज समोर आणलं तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

पण त्याच सासूबाईंनी पुढे एकदा कापसाच्या वाती वळता वळता मला तुझी गोष्ट सांगितली. मामंजी खाटेवर पडले होते तेव्हा तू अंगावर पीत होतास. घरात कमावणारं कोणी नाही. त्या दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जात आणि तुला लुगड्याच्या धडप्याने बोरीच्या बुंध्याला बांधून ठेवत, रांगत रांगत विहिरीकडे जाऊ नये म्हणून. दूध आटलं होतं. तू दिवसभर रडायचास, मग रडणंही बंद करायचास. "मी कापसाच्या ओळीच्या टोकाले गेली की पाह्यची मांगं," त्या म्हणाल्या, "तं हा माती खाऊन राह्यला राहे." तुझे दादा, म्हणजे माझे मालक, तोवर चांगले दहाबारा वर्षांचे झाले होते. त्यांचं लहानपण भरल्या घरात गेलेलं. तेही त्या दिवसांत उपाशी राहिले, पण तो घास उशिरा चुकला. जन्मभर ताटावर बसून वाट पाहणारा माणूस होता तो. भाजीत मीठ नसेल तर मी विचारेपर्यंत सांगत नसे. एकाच आईचे दोघे. तिचा साखरेचा आजारही तुलाच आला, त्यांना नाही.

हे मला माहीत होतं, तरी मी तुला उतावळाच म्हणत राहिले. म्हणण्यासारखं तू सोडलंस कुठे? पांढुर्ण्याच्या बाजारात बैलजोडी विकायला गेलास आणि घोडं घेऊन आलास. घोडं! नांगराला येत नाही, गाडीला येत नाही. दादांनी विचारलं, "हे कायले?" तर म्हणालास, "ते माह्याकडे पाहून राह्यलं होतं." त्या घोड्याने बागेतली नवी कलमं खाल्ली, आणि तू त्याचाही कौतुकाने फोटो काढून घेतलास. आणि आता बॅनरवर 'संयमी'.

एक मात्र कबूल करते, आणि एकदाच करते. त्या लाडवानंतर काही दिवसांनी मी गोठ्यामागे बसून रडत होते, माहेरची आठवण येऊन. मोठं कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, पुढच्या सणाला नेऊ, पाहू, विचारू. तू आलास, एक मिनिट पाहिलंस आणि म्हणालास, "चला वहिनी, जाऊ." कुणाला विचारलं नाही, चपला घातल्या नाहीत. रस्त्यावर संत्र्यांचा ट्रक थांबवलास, आणि मी, शहाणी, मासिकं वाचणारी, काष्टा सावरत संत्र्यांवर चढले. पांढुर्ण्यापर्यंत ओकत गेले. आईच्या दारात उतरले तेव्हा लुगड्याला वास येत होता आणि माझं हसू थांबत नव्हतं. नंतर जे व्हायचं ते झालं. दादा न्यायला आले, सासूबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. पण त्या घरात मला कोणी विचार न करता काही दिलं असेल तर ते तू. विचार करून देणारे नंतर पुष्कळ भेटले, त्यांनी काय दिलं ते आठवतही नाही.

झालं. आता पुन्हा भांडणावर येते, कारण ते तू अर्धवट टाकून गेलास.

पिहूचं भांडण.

तुझा धाकटा, मनोज, कारखान्यातलं काम सुटल्यावर नागपूरच्या त्या एका खोलीत कसा राहिला आणि मग बायको-पोरीला टाकून कुठे गेला, ते सगळ्यांना ठाऊक आहे, तुला सोडून. तू विचारलंच नाहीस. सोनाली त्या पोरीला कडेवर घेऊन लोधीखेड्याला आली तेव्हा पिहू अडीच वर्षांची होती आणि बोलत नव्हती. फक्त घ्यायची. ताटातलं, हातातलं, कुत्र्यापुढचं. आता सहा वर्षांची झाली, बोलते. बोलते म्हणजे काय, "अभ्भी दे" एवढं पहिले बोलते. शाळेत दुसऱ्यांचे डबे उघडते. रांगेत उभी राहत नाही. रस्ता दिसला की पळते. मॅडमने रागावलं की स्वतःच्या हाताला चावते. तिकडे राजूचा आरव, रक्त तेच, पण जन्मापासून दुधाचा ग्लास हातात. तो बिस्किटसुद्धा विचारून घेतो. येणारे-जाणारे दोघांना शेजारी उभं करून पाहतात आणि म्हणतात, आजकाल मोबाइलमुळे पोरं बिघडतात. कुणाचा मोबाइल? सोनालीचा फोन काचेला तडा गेलेला आहे, त्यावर फक्त फोन येतो.

तू तिला जामसांवलीला नेलंस. हनुमानाला सांगितलंस की हिची चंचलता काढ. तिने आपला प्रसाद खाल्ला, तुझा खाल्ला आणि शेजारच्या बाईचाही खाल्ला. तू परत येऊन मला म्हणालास, "देवानं ऐकलं नाही." मी म्हटलं, तुझं ऐकायला देवाला तुझ्यासमोर टिकायला पाहिजे, तूच नारळ फुटायच्या आधी खोबऱ्याला हात घातला असशील. तू हसलास. कारण घातला होतास.

मग मी आणि सोनालीने हट्ट करून तिला नागपूरला लेकरांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. तू गाडी चालवलीस आणि रस्ताभर बडबडलास. त्या बाईंनी पिहूला खेळायला काही दिलं, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि पहिला प्रश्न काय विचारला? घरात मधुमेह कोणाला आहे?

"मले हाय ना!" तू असा म्हणालास जसा काही इनाम मिळालाय. "आमची आई पाय कापून गेली त्यानं. पण पोट्टीच्या वागण्याशी त्याचा काय संबंध?"

बाई शांतपणे बोलल्या. मला जेवढं कळलं तेवढं सांगते. म्हणाल्या, साखर सांभाळणारी जी व्यवस्था शरीरात असते, तिचं काम डोक्यातही चालतं. हवंसं वाटणं, आवरणं, थांबणं, यातही तिचा हात असतो. काही लेकरं तिकडचा कल रक्तात घेऊन येतात. नुसत्या कलाने फार काही होत नाही. पण त्याच लेकराची पहिली वर्षं भुकेत, भांडणात, भीतीत गेली तर ते इतरांपेक्षा जास्त हलतं, आणि मग त्याला हात आवरणं जड जातं. सगळ्यांचं असं होत नाही. सोनाली हळूच म्हणाली, तिच्या बहिणीचं पोरगं त्याच खोलीत होतं, त्यालाही तेच दिवस आले, पण ते असं नाही. बाई म्हणाल्या, "म्हणूनच विचारलं घरात काय आहे ते. सगळं आम्हालाही कळलेलं नाही, आजी. पण ही मुद्दाम करत नाही, एवढं धरून चाला. वेळेवर खायला द्या, घरात आरडाओरडा कमी ठेवा, आणि तिला जे कबूल कराल ते करा."

गाडीत बसल्या बसल्या तू म्हणालास, "या बाईले एक संत्र्याची बाग दाखवा लागते."

आणि तिथून ते सुरू झालं. आमच्या भागात ज्याची बाग आहे त्याला ताण माहीत असतो. बहराच्या, आमच्या बोलीत बाराच्या, आधी झाडाचं पाणी तोडायचं. झाड तहानतं, पानं मलूल होतात, झडतात. मग पाणी सोडलं की ते घाबरल्यासारखं पांढऱ्या फुलांनी भरून जातं. तू आयुष्यात एक हेच काम धीराने केलंस. ताणावरची बाग सोडून तू कधी कशाची वाट पाहिली असशील तर मला सांग. आणि ते एकमेव शहाणपण तू नेऊन त्या पोरीवर घातलंस. शाळेतून ती भुकेने सैरभैर होऊन यायची, आणि तू ओट्यावर खुर्ची टाकून म्हणायचास, "एक घंटा चुपचाप बस. मंग जेवण." ती बसायची, उठायची, दार बडवायची, खांबाला डोकं टेकवून रडायची. सोनाली आत ताट वाढून उभी. सासऱ्यासमोर बोलायची तिची हिंमत नव्हती. मी सौंसरच्या माझ्या घरून आले की तेच चित्र.

"वासू, लाज वाटत नाही का? पोट्टी काल्ची जेवली हाय."

"वहिनी, तुम्ही मधात पडू नका. ताण देल्याशिवाय बार फुटते का?"

"ते पोट्टी हाय, संत्रीचं झाड नाही."

"झाड बरं. झाड ऐकते."

आणि हे बोलताना तुझ्या स्कूटरच्या डिक्कीत पेढ्यांचा पुडा! मी उघडून पाहिला होता. इन्सुलिन फ्रिजमध्ये आणि पेढे डिक्कीत, असा तुझा संसार. पोरीला ताण, आणि तुला? तुला जन्मात कुणी ताण देऊ शकलं नाही. मी 'साखरेचं पोतं' म्हटलं, तू 'हावरी सून' म्हणालास, आणि सोनाली आतल्या आत हसली असावी, कारण वाटीचा आवाज आला. पण भांडणाचा निकाल लागला नाही. तू तिच्यासाठी दूरच्या कुठल्या तरी निवासी शाळेत नाव घालायचं ठरवून मोकळा झालास. तिथे म्हणे पहाटे उठवतात, रांगेत जेवायला वाढतात, बोललं तर जेवण नाही. तुला ती माहिती सांगताना किती आनंद झाला होता!

मग दवाखान्यात तू पडलास आणि एकदा माझा हात धरून म्हणालास, "वहिनी, पोट्टीले धाडून द्या. मी नसलो तं ते घर खाऊन टाकीन." नाकात नळी, डोळे पिवळे. मी म्हटलं, "बरं."

मरणाऱ्याला माणूस 'बरं' म्हणतो, वासू. मरणाऱ्याला माणूस काहीही म्हणतो. तुझ्याशी भांडायची ती वेळ नव्हती. पण राजू पलीकडे उभा होता, आणि त्याने ते माझं 'बरं' उचलून जपून ठेवलं.

तुझ्या तेरवीची गोष्ट सांगते. ती तुला आवडेल, म्हणून जरा चिडूनच सांगते.

पहिलं पान तुझं. अंगणात रांगोळी, पाट, केळीचं पान. त्यावर वडे, पुऱ्या, वांग्याची भाजी, आणि ज्याला आयुष्याची शेवटची वर्षं डॉक्टरांनी गोड दाखवलं नाही त्याच्यासाठी बुंदीचे लाडू, जिलेबी, बासुंदीची वाटी. सगळे हात जोडून उभे. भटजींचं काही चाललं होतं. तुझ्या पानाला कावळा शिवल्याशिवाय पंगत बसत नाही, हे त्या पोरीला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून उपयोगही नव्हता. सकाळपासून घरात वास, आणि सकाळपासून "थांब, थांब, थांब." पिहू माणसांच्या पायांतून आली, तुझ्या पानासमोर बसली आणि लाडू उचलून तोंडात घातला. मग जिलेबी.

एक पाहुणी किंचाळली. भटजी थांबले. कोणीतरी म्हणालं, अपशकुन झाला.

मी हसले. वासू, मी अंगणभर हसले. आवरलंच नाही. तुझ्या पानावर तूच बसल्यासारखा दिसलास मला, तेराच्या पाढ्यावाला. लोकांना वाटलं, म्हातारीला दुःखाने वेड लागलं.

राजू तरातरा आला. "पाह्यलं मोठाई? बाबांच्या पानावरचं! हे पोट्टी माणसात ठेवायची हाय का?"

"तुह्या बापानं हेच केलं असतं," मी म्हटलं. "त्याच्या जागी दुसऱ्याची तेरवी असती तं त्यानं कावळ्यालेही टेकू देल्लं नसतं."

"मजाक नाही करून राह्यलो मी. शाळा उघडली का हे जाईन. बाबांचा शब्द हाय. तुम्हीनं 'बरं' म्हणलं होतं, मी होतो तिथं."

आता ऐक. तुला द्यायचं उत्तर मला तुझी राख सावडायला गेले होते तेव्हा, नदीच्या काठावर सुचलं होतं. इतकं चांगलं उत्तर, आणि ऐकायला तू नाहीस. चिडून मी घरी परत आले होते. आता राजू समोर होता, तोही बागायतदार. मी पदर खोचला.

"राजू, ताण कोणच्या झाडाले देतात?"

"हे काय आता?"

"सांग ना बाप्पा."

"फळावर आलेल्या."

"आन आत्ताच लावलेल्या कलमाले?"

"कलमाले कोण ताण देते? मरून जाईन ते."

"आन मुरमाड बरडावरच्या झाडाले काळ्या मातीतल्याइतका ताण देल्ला तं?"

"बार नाही येत. फांद्या वाळतात."

"मंग?" मी सगळ्यांकडे पाहिलं. "सहा वर्षांचं कलम, बरडावरचं, पहिलेच पाण्याविना वाढलेलं. त्याले अजून ताण द्यायले निंगाले तुम्ही?"

मला वाटलं, झालं. जिंकले. आणि राजू, तुझंच पोट्टं ते, कपाळावर आठी घालून म्हणाला, "मोठाई, पोट्टी म्हणजे काय संत्रीचं झाड हाय का?"

माझंच वाक्य. तुला मारलेलं. तुझ्या पोराने माझ्या तोंडावर परत आणून दिलं. इतकी वर्षं जिभेला धार लावली आणि ऐन वेळी आपलीच जीभ कापून घेतली. म्हातारपणीही मी पांढुर्ण्याची शहाणीच राहिले.

तेव्हा सोनाली बोलली. ती पिहूजवळ खाली बसली होती, पदराने तिचे पाकातले हात पुसत होती. वर न पाहता म्हणाली, "मी नाही धाडत, दादा."

राजू म्हणाला, "तुले कोणं विचारलं?"

"कोणंच नाही," ती म्हणाली. "हे थांबत नाही म्हणून सगळे रागावतात. थांबली हाय ते. नागपूरले भल्ली थांबली. दूध येते, दूध येते म्हणून सांगत होतो आम्ही. हे दाराकडे पाहून बसून राहे. चुपचाप. अशीच, जशी तुम्हाले पाहिजे हाय तशी. दूध येतच नव्हतं." ती पुसत राहिली, हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "तिले माहीत हाय, थांबलं का काय भेटते ते. आता अजून कोणाच्या घरी थांबवायले नाही धाडत मी तिले."

राजूचा हात कंबरेवरून खाली आला. भटजींनी मध्ये पडून सांगितलं की घरच्याच लेकराने पानाला हात लावला, आत्मा तृप्त झाला असं समजावं, आणि पंगत बसवावी. भटजींनाही भूक लागली होती. मी सोनालीला म्हटलं, "कपडे बांध. सौंसरले चाल माह्यासंगं." राजू म्हणाला की या घरातून गेलीस तर परत कोणी बोलवायला येणार नाही. ती गाठोडं घेऊन आली. राजू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, रस्त्यात दिसला तर गाडीचा आरसा नीट करतो. त्याचंही मला नवल वाटत नाही. बापाचा शब्द पाळणं सोपं असतं, बाप गेल्यावर तर फारच.

आता तुला वाटत असेल, म्हातारीने पोरीला सुधरवलं. काही सुधरवलं नाही. सुधरवायचं खूळ त्या लाडवाबरोबरच खाल्लं मी. काल तिने माझ्या देवासमोरचं केळं खाल्लं. परवा शेजारच्या पोराला ढकललं, मी माफी मागायला गेले तर ती माझ्या मागून त्यांच्या फ्रिजपर्यंत पोचली. शाळेच्या मॅडम येऊन सांगतात, "आजी, बच्ची बिलकुल कंट्रोल में नहीं है." मी म्हणते, हो. तिच्या साखरेकडेही मी लक्ष ठेवते आहे, डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय तसं. ती तुझ्या वाटेने जाऊ नये, कारण ती वाट मी शेवटपर्यंत पाहिली आहे आणि मला ती आवडली नाही. सोनाली आता दोन गल्ल्या पलीकडे शिवणकामाला जाते, येते तेव्हा गुणगुणते. बाकी काही बदल नाही.

तुला एक गोष्ट मी कधी म्हटली नाही, आणि दवाखान्यात ती माझ्या ओठांवर होती. ओट्यावर खुर्ची टाकून तू त्या पोरीकडे पाहायचास तेव्हा तुझा चेहरा रागाचा नसायचा. तू भ्यालेला दिसायचास. बोरीच्या बुंध्याला बांधलेलं लेकरू तुला आठवत नव्हतं, आठवणं शक्यच नाही. पण तुझ्या हाताला आठवत होतं. तुला वाटलं असेल, या पोरीला वेळेत आवरलं तर तिला डिक्कीत पेढे लपवावे लागणार नाहीत. हे मी तेव्हा म्हटलं असतं तर तू हसून उडवून लावलं असतंस, आणि मी पुन्हा 'साखरेचं पोतं' म्हटलं असतं, आणि तेच बरं झालं असतं. पण मी 'बरं' म्हणाले. इतक्या वर्षांत तुला मी पहिल्यांदा 'बरं' म्हणाले आणि तेच खोटं निघालं.

अजून पुष्कळ शिव्या द्यायच्या राहिल्यात. पण शाळा सुटायची वेळ झाली. तिला सांगितलंय की फाटकातून आत येशील तेव्हा ताट वाढलेलं असेल, आणि मी उशीर केलेला तिला चालत नाही. मला उठलं पाहिजे. तू थांब.